खड्ड्यात नव्हे, पिशवीतच द्या जिवाणू : उघड्या जांभ्यावर झाडं का मरतात आणि कशी जगतात

जोयडा / प्रतिनिधी

जोयड्यात झाडं वाळून मरतात, असं सोलापूरकडच्या पाहुण्याला सांगितलं तर तो हसतो. त्याचं हसणं समजण्यासारखं आहे. आमच्या कॅसलरॉक-अनमोडच्या घाटमाथ्यावर चार महिन्यांत चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस सहज पडतो, काळी नदीवर सुप्याचं धरण आहे आणि तालुक्याचा बहुतेक भाग जंगलाखाली आहे. पण हा पाऊस मृगापासून हस्तापर्यंतचा. दिवाळी सरली की जांभ्याच्या उघड्या माळावर, रस्त्यासाठी कापलेल्या कड्यावर, जुन्या खाणीच्या ढिगाऱ्यावर ओल शोधून सापडत नाही. जमीन तव्यासारखी तापते आणि पुढचा पाऊस येईपर्यंत तशीच राहते. अशा जागी जूनमध्ये लावलेलं रोप पहिल्या पावसाळ्यात टवटवीत दिसतं, फोटोही छान येतो. पहिला उन्हाळा ते कसंबसं काढतं. दुसऱ्या उन्हाळ्यात तिथे आळं आणि काडी उरते.

इथून पूर्वेला हल्याळ ओलांडून धारवाडकडे उतरलं की पाऊस झपाट्याने कमी होतो. सीमेपलीकडे जत, सांगोला, मंगळवेढ्यात तर तो बोटावर मोजण्याइतकाच. तिथल्या वाचकाची अडचण आणि आमच्या उघड्या जांभ्याची अडचण मात्र एकच आहे. रोप मेलं की सगळे म्हणतात, "पाणी घातलं नाही." हे उत्तर अर्धंच खरं आहे. त्याच माळावर कुणी तांब्याभर पाणी न घालता अकेशिया दणदणीत उभा असतो. सांगोल्याच्या बांधावर वेडी बाभूळ कुणी लावलेली नसते, उलट तोडून तोडून लोक थकतात, तरी ती वाढतेच. पाऊस सगळ्यांना तेवढाच, ऊन तेवढंच. फरक बराचसा मुळांशी आहे.

माती गेली की तिच्यासोबत काय जातं

आपल्या जांभ्याच्या डोंगरावर सुपीकपणा असतो तो वरच्या चार बोटांत. मुसळधार पाऊस अन्नद्रव्यं धुऊन खाली नेतो. जंगल टिकतं ते पडलेल्या पाल्यावर आणि तो पाला कुजवून परत मुळांना देणाऱ्या सूक्ष्मजीवांवर. जेसीबीने वरचा थर खरवडला, वणव्याने पाला जाळला किंवा वर्षानुवर्षं गुरांनी माळ तुडवला, की माती जाते आणि हे सूक्ष्मजीवही जातात. खाली उरतो तो लाल मुरूम. त्यात नत्र जवळजवळ नाही. स्फुरद असतो, पण लोह आणि अॅल्युमिनियमने तो असा धरून ठेवलेला असतो की मुळांना मिळत नाही. कपाटात पैसे आहेत आणि किल्ली हरवली आहे, अशातली गत.

ही किल्ली काही जिवाणूंकडे असते. त्यांचे ढोबळ तीन प्रकार ध्यानात ठेवले तरी पुरे.

पहिला प्रकार रायझोबियम आणि त्याचे भाऊबंद. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे, पण झाडाला तो थेट घेता येत नाही. हे जिवाणू मुळात शिरतात, तिथे गाठ तयार होते, आणि गाठीच्या आत ते हवेतला नत्र अमोनियाच्या रूपात आणून झाडाला देतात. बदल्यात झाड त्यांना साखर देतं. भुईमूग, वाल, चवळी उपटल्यावर मुळाला दिसणाऱ्या गाठी आपल्या शेतकऱ्याला चांगल्या माहीत आहेत. १८८८ मध्ये नेदरलँड्सच्या बेयरिंक या शास्त्रज्ञाने गाठीतले जिवाणू वेगळे काढून दाखवले. आपल्या देशात पिकांच्या गाठींतून ते वेगळे काढल्याची पहिली नोंद १९२० ची, एन. व्ही. जोशी यांच्या नावावर आहे.

दुसरा प्रकार गाठ न करता मुळाभोवती राहणाऱ्यांचा. अॅझोटोबॅक्टर, अॅझोस्पिरिलम ही नावं खताच्या दुकानात ऐकलेली असतील. हे थोडाफार नत्र देतात, पण त्यांचा खरा उपयोग वेगळा आहे. ते मुळाची वाढ करणारं संप्रेरक तयार करतात, त्यामुळे बारीक तंतूमुळं फुटतात आणि रोपाचा मातीवरचा ताबा वाढतो.

तिसरे स्फुरद विरघळवणारे, म्हणजे पीएसबी. ते सेंद्रिय आम्लं सोडून अडकलेला स्फुरद मोकळा करतात.

यांच्या जोडीला एक बुरशी असते, मायकोरायझा. कृषी खात्याच्या जुन्या पत्रकांत तिला 'व्हॅम' म्हणतात. ती जिवाणू नाही, पण तिच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मुळाच्या आत राहून ती केसापेक्षा बारीक धागे मातीत दूरवर पसरवते. मूळ जिथे पोचत नाही अशा दगडाच्या फटीतून हे धागे स्फुरद ओढून आणतात, ओलाव्यालाही थोडा हातभार लावतात.

कारवारचा सुरू

या विषयाचं सर्वात जुनं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. कारवारच्या किनाऱ्यावरची सुरूची झाडं सगळ्यांनी पाहिली आहेत. हे झाड मूळचं इथलं नव्हे. भारतात सुरूची लागवड पहिल्यांदा झाली ती १८६८ मध्ये, कारवार भागात, आणि तीही सरपणासाठी. उत्तर कन्नड तेव्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. पुढे हे झाड तमिळनाडू-आंध्रच्या किनाऱ्यावर लाखोंनी लागलं.

आता समुद्रकाठची वाळू म्हणजे काय? पाऊस कितीही पडो, पाणी तासाभरात खाली. नत्र नाहीच. वरून खारं वारं. कोरडवाहू जमिनीचा हा अर्कच. तिथे सुरू वाढतो कारण त्याच्याही मुळाला गाठी असतात. मात्र त्यात रायझोबियम नसतो, फ्रँकिया नावाचा धाग्यांसारखा वाढणारा जिवाणू असतो. मृगाच्या पहिल्या सरीनंतर मातीचा जो वास येतो तो याच्याच चुलत भावंडांमुळे.

फ्रँकियाचा स्वभाव फार हट्टी. एकोणिसाव्या शतकात त्याला नाव मिळालं, पण प्रयोगशाळेत तो वेगळा वाढवायला १९७८ साल उजाडलं. मग तोवर रोपवाटिकावाले काय करत होते? जुन्या सुरूच्या बनातली माती टोपलीभर आणून नव्या वाफ्यात मिसळायची, किंवा गाठी ठेचून त्याचं पाणी द्यायचं. शास्त्राला जिवाणू हाती लागण्याआधीच माळ्याला युक्ती हाती लागली होती. आज कोइमतूरची वन आनुवंशिकी व वृक्षप्रजनन संस्था सुरूसाठी फ्रँकियावर काम करते, पण टोपलीभर मातीची युक्ती अजून रद्द झालेली नाही. तिच्याकडे पुढे परत येऊ.

शेंग आहे म्हणून गाठ असेलच असं नाही

इथे बरेच लोक फसतात. शेंगा धरणारं झाड म्हणजे नत्र देणारं झाड, असा सरसकट समज आहे. खैर, शिसव, करंज, पांगारा, शिरीष, बाभूळ, सुबाभूळ, गिरिपुष्प यांच्या मुळांना गाठी येतात. पण चिंचेला येत नाहीत. बहाव्याला नाहीत. कांचनाला नाहीत. दसऱ्याला सोनं म्हणून ज्याची पानं वाटतो त्या आपट्यालाही नाहीत. रस्त्याकडेला भरमसाट लावलेला काशीद त्याच यादीत. या झाडांना रायझोबियमचं पाकीट घालणं म्हणजे बंद दारापुढे पत्र टाकून येणं. चिंच, काजू, फणस, साग, शिवण अशा झाडांना लागतं ते अॅझोस्पिरिलम, पीएसबी आणि मायकोरायझा.

दुसरी गोम अशी की रायझोबियम एकच नसतो. हरभऱ्याचा वेगळा, सोयाबीनचा वेगळा. दुकानात मिळणारी पाकिटं बहुतेक पिकांसाठी असतात. खैर-शिसवाला चालणारा जिवाणू पाकिटात मिळणं कठीण. सोयाबीनचं पाकीट शिसवाच्या रोपाला घालून "काही फरक पडला नाही" म्हणणारे भेटतात, त्यात जिवाणूचा दोष नाही.

अकेशियाचं यश इथेच उलगडतं. ऑस्ट्रेलियाकडून आलेलं हे झाड जिवाणूंच्या बाबतीत फार चोखंदळ नाही. आपल्या मातीत जे मिळतील त्यांच्याशी ते जुळवून घेतं, गाठी करतं आणि नागड्या जांभ्यावरही उभं राहतं. वन खात्याने आणि सामाजिक वनीकरणाने ते जिल्हाभर लावलं ते याच भरवशावर. त्याच्या सावलीत दुसरं फारसं काही येत नाही, गुरं पाला खात नाहीत, ही तक्रार गावोगावी आहे आणि ती खरी आहे. माझं म्हणणं एवढंच, की परक्या झाडाने जे साधलं ते खैर आणि शिसवही साधू शकतात. त्यांना फक्त रोपवाटिकेतच त्यांचे सोबती मिळवून द्यावे लागतात.

चंदन लावणाऱ्यांसाठी एक जोड. कर्नाटकात २००१ मध्ये कायदा बदलला आणि खासगी जमिनीतलं चंदन जमीनमालकाचं झालं, तेव्हापासून हल्याळ-धारवाड भागात लागवड वाढली. चंदन दुसऱ्या झाडाच्या मुळाला मूळ भिडवून जगतं. म्हणून शेजारी तूर, गिरिपुष्प किंवा करंज लावतात. त्या सोबत्याच्या मुळाला गाठी असतील तर तो स्वतः पोसला जातो आणि चंदनालाही पोसतो.

मँगनीजच्या ढिगाऱ्यावर साग

जोयडा आणि शेजारच्या यल्लापूर तालुक्यात एके काळी मँगनीजच्या खाणी चालायच्या. खाणी थांबल्या, ढिगारे राहिले. अशा ढिगाऱ्यावर झाड लावणं म्हणजे फुटक्या कौलांच्या ढिगात झाड लावण्यासारखं. माती नाही, पाणी धरत नाही, उलट धातूंचा त्रास.

नेमक्या याच प्रश्नावर महाराष्ट्रात मोठं काम झालं आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नीरी'ने, नागपूर जिल्ह्यातल्या गुमगाव इथल्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर झाडं उभी केली. डॉ. आशा जुवारकर यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. पद्धत ऐकायला साधी आहे. आधी ढिगाऱ्याच्या खड्ड्यात साखर कारखान्याचा प्रेसमड घालायचा, म्हणजे पाणी धरायला आणि जिवाणूंना खायला काहीतरी मिळतं. मग रोपांच्या मुळांशी रायझोबियम, अॅझोटोबॅक्टर आणि मायकोरायझा द्यायचे. हे जिवाणूही कुठून तरी आणलेले नव्हे, त्याच प्रकारच्या जागेवर तगलेल्या झाडांच्या मुळांतून काढून वाढवलेले. साग, शिसू, शिवण अशी झाडं लावली. ८० टक्क्यांहून जास्त रोपं जगली, असं त्या संशोधनात नोंदलेलं आहे. नंतर कोळशाच्या खाणींच्या ढिगाऱ्यांवरही ही पद्धत वापरली गेली.

या यशात जिवाणूंइतकाच वाटा प्रेसमडचा आहे, हे विसरून चालणार नाही. नुसते जिवाणू उपाशी मुरमात टाकले तर चार-सहा आठवड्यांत त्यांची संख्या घसरते. आपल्याकडे प्रेसमड मिळवायला नागपूरला जायला नको, हल्याळला साखर कारखाना आहे आणि बेळगाव जिल्ह्यात तर कारखानेच कारखाने.

गोव्यात लोहखनिजाच्या ढिगाऱ्यांवर हीच दिशा दिसते. गोवा विद्यापीठाचे प्रा. बर्नार्ड रॉड्रिग्स यांनी ढिगाऱ्यांवरच्या झाडांच्या मुळांतल्या मायकोरायझा बुरशीचा अनेक वर्षं अभ्यास केला. ओसाड ढिगाऱ्यावर आपणहून रुजलेल्या झाडाचं मूळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की ही बुरशी बहुधा आत बसलेली सापडते.

उन्हाळ्यात नेमकं काय होतं

नत्र-स्फुरदाचं समजलं, पण पाण्याचं काय? जिवाणू काही पाणी पाडत नाहीत.

तहान लागली की झाड आपल्या अंगात एथिलीन नावाचा वायू जास्त तयार करतं. केळी पिकवायला वापरतात तोच हा वायू. त्याचं प्रमाण वाढलं की मुळाची वाढ थांबते, पानं गळतात. मोठ्या झाडाला हे सोयीचं असतं, पण सहा महिन्यांच्या रोपाचं मूळ नेमकं त्याच वेळी खाली ओलीपर्यंत पोचायला हवं असतं. मुळाभोवतीचे काही जिवाणू एथिलीन ज्या पदार्थापासून तयार होतो तो पदार्थच खाऊन टाकतात. मग मूळ थांबत नाही, वीतभर अधिक खाली जातं. ही वीतच पुष्कळदा रोप तगवते. शिवाय काही जिवाणू चिकट पदार्थ सोडतात. त्याने मातीचे कण मुळाला धरून राहतात आणि ओल थोडी जास्त टिकते.

मेक्सिकोच्या ला पाझ शहरात योआव बाशान या शास्त्रज्ञाने सोनोरन वाळवंटातल्या झिजलेल्या जमिनीवर याचे प्रयोग वर्षानुवर्षं केले. स्थानिक शेंगवर्गीय झाडं, मुळाशी अॅझोस्पिरिलमसारखे जिवाणू आणि मायकोरायझा, खड्ड्यात थोडंसं कंपोस्ट, सुरुवातीला मोजकं पाणी. त्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सगळ्या झाडांना सगळ्या उपचारांचा सारखा फायदा झाला नाही. एका जातीला कंपोस्टने जास्त हात दिला, दुसरीला जिवाणूंनी. म्हणजे 'एक पाकीट, सगळी झाडं' असं सांगणारा विक्रेता भेटला तर जपून.

जिथे जंगलाची माती शाबूत आहे, तिथे हे सगळं करण्याची गरजही नाही. आपल्या कुळागरात, देवराईच्या कडेला, पाल्याने झाकलेल्या जागेत हे जिवाणू आधीच करोडोंनी आहेत. बाहेरून आणलेले तिथे टिकतही नाहीत. उपयोग आहे तो उघड्या, खरवडलेल्या, जळलेल्या जागी.

पाकीट घेताना

केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशात २००६ पासून जिवाणू खतंही आली. त्यानुसार पावडरच्या पाकिटात एका ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत जिवाणू आणि द्रवरूप बाटलीत एका मिलिलिटरमागे १० कोटी असायला हवेत. पाकिटावर जिवाणूचं नाव, पिकाचं नाव, बनवल्याची आणि संपण्याची तारीख असते. हा माल जिवंत आहे. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलच्या उन्हात दोन महिने पडलेलं पाकीट म्हणजे नुसती काळी माती. दुकानदाराने ते युरियाच्या गोण्यांवर उन्हात ठेवलेलं दिसलं तर तारीख न बघताच परत फिरा.

धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठात ही संवर्धकं तयार होतात. आपल्या जिल्ह्यासाठी शिरसीचं कृषी विज्ञान केंद्र आणि तिथलंच वनशास्त्र महाविद्यालय हे विचारायचं ठिकाण. महाराष्ट्रातल्या वाचकांना राहुरी, परभणी, अकोला, दापोली ही विद्यापीठं आहेत, तर गोव्यात जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था.

मी वाणिज्य शाखेचा, त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. समजा २०० रोपं लावायची आहेत आणि रोप, खड्डा, मजुरी, कुंपण मिळून एका रोपामागे १०० रुपये पडतात. म्हणजे २०,००० रुपये. त्यातली ८० जगली तर जगलेल्या एका झाडाची किंमत २५० रुपये झाली. १४० जगली तर ती साधारण १४३ वर येते. पिशवीमागे १० ग्रॅम धरलं तर २५० ग्रॅमचं एक पाकीट २५ पिशव्यांना पुरतं, २०० रोपांना आठ पाकिटं. प्रत्येकी ५० रुपये धरले तरी ४०० रुपये. आकडे समजुतीचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. पण मेलेल्या रोपाचा खर्च जगलेल्याच्या अंगावर चढतो, हे कुठल्याही आकड्याने बदलत नाही.

पिशवीत कसं द्यायचं

लावणीच्या दिवशी खड्ड्यात पाकीट रिकामं करणं ही सगळ्यात वाया जाणारी पद्धत. तोवर मूळ वाढलेलं असतं, जिवाणू मातीत विखुरतात, आणि चार दिवसांच्या मुसळधार पावसात अर्धे वाहून जातात. जिवाणूची आणि मुळाची गाठ पडायला हवी ती रोप बोटभर असताना, पिशवीत.

पिशवीच्या मातीत निदान तिसरा हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत किंवा प्रेसमड हवा. खैर, शिरीष, सुबाभूळ यांचं बी टणक असतं, त्याला आधी गरम पाण्याचा हात द्यावा लागतो. बी पूर्ण थंड झाल्यावरच जिवाणू लावायचे, नाहीतर तेही उकडून निघतील. गूळ पाण्यात उकळून, थंड करून त्यात पावडर कालवायची, बियाला हलक्या हाताने चोळायची, सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. काजू-चिंच-सागासारख्या झाडांना पावडर शेणखतात मिसळून पिशवीत घालावी.

आपली जांभ्याची माती आंबट असते, आणि रायझोबियमला आंबट माती मानवत नाही. म्हणून जिवाणू लावलेल्या बियावर वरून बारीक चुनखडीची भुकटी फिरवतात. चुनखडीचीच. पानाला लावायचा किंवा भिंतीला फासायचा चुना वापरला तर जिवाणू जागच्या जागी मरतात. बियाला बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, मध्ये काही दिवस जाऊ द्यावेत, मग जिवाणू. दोन्ही एका बादलीत कालवू नयेत.

आणि आता ती टोपलीभर माती. खैर, शिसव, करंज यांचं पाकीट मिळत नसेल तर आपल्या बांधावरच्या त्याच जातीच्या जुन्या, निरोगी झाडाखालची माती आणा. पाला बाजूला सारायचा, बारीक मुळं असतात त्या चार-सहा इंच खोलीची माती घ्यायची, दगड काढायचे आणि पिशवीमागे मूठभर मिसळायची. त्यात रायझोबियमही येतो आणि मायकोरायझाही. मायकोरायझा जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही, त्यामुळे मुळांच्या तुकड्यांसह आलेली ही माती तिच्यासाठी उत्तमच. जीवामृतात बांधावरची मूठभर माती टाकतात, त्यामागचा विचारही याच जातीचा आहे. मात्र ज्या झाडाला मर लागली आहे, वाळवी आहे, त्याच्या बुंध्याखालची माती घेतली तर रोगही पिशवीत येईल. सुरूच्या बाबतीत हा धोका खराच आहे, त्याचा मर रोग मातीतूनच पसरतो. आणि माती आपल्या मालकीच्या जागेतलीच घ्या. काळी व्याघ्र प्रकल्पातून मूठभर मातीही उचलायला परवानगी नाही.

रासायनिक खताबद्दल एक ओळ. पिशवीत युरिया घातला तर रोप हिरवंगार दिसतं, पण आयता नत्र मिळाल्यावर झाड गाठी करत नाही. माळावर गेल्यावर युरिया संपतो आणि गाठीही नसतात. रोपवाटिकेत सगळ्यात उंच दिसणारी रोपं पुष्कळदा आधी मरतात, त्याचं एक कारण हे.

लावणीआधी, मेच्या शेवटी, दर पन्नास पिशव्यांमागे एक पिशवी फोडून पाहा. मुळं पाण्याच्या बादलीत हलवून माती सोडवायची, ओढायची नाहीत, नाहीतर गाठी मातीतच राहतील. खैर-शिसवाला मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसायला हव्यात. एक गाठ नखाने कापायची. आत गुलाबी-लालसर असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल, किंवा गाठच नसेल, तर त्या वाफ्यातल्या पिशव्यांना जुन्या झाडाखालची माती वरून द्या, झाकून पाणी घाला, आणि तो वाफा जूनच्या पहिल्या गाडीत न चढवता महिनाभर मागे ठेवा. जुलैच्या मध्यापर्यंत लावलं तरी आपल्याकडे पाऊस पुरतो.